गोठलेली लस ओळखायची कशी? शेक टेस्ट, पायरी पायरीनं

कोल्हापुरात जानेवारीतही पाणी गोठत नाही. गगनबावड्याला पहाटे हुडहुडी भरते, त्यापलीकडे काही नाही. त्यामुळे लस खराब होण्याचा विषय निघाला की आपल्याकडे सगळ्यांना मे महिना आठवतो. कॅरियर उन्हात राहिला, लाइट गेली, आइसपॅक वितळले, अशा काळज्या. त्या खऱ्याच आहेत. पण लस गोठून वाया जाते तेव्हा दोष हवेचा नसतो, तो आपल्या हातचा असतो. डीप फ्रीझरमधून काढलेले दगडासारखे आइसपॅक तसेच कॅरियरमध्ये कोंबले जातात. व्हायल (लसीच्या छोट्या बाटल्या) आयएलआरच्या, म्हणजे लस ठेवायच्या खास फ्रीजच्या, तळाशी टेकवून ठेवल्या जातात. दवाखान्यातल्या घरगुती फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून खोके ठेवले जातात. "थंड हाय न्हवं, मग चांगलंच की!" ही समजूत उन्हापेक्षा कमी घातक नाही.

उष्णतेनं बिघडलेली लस सांगायला व्हायलवर व्हीव्हीएम, म्हणजे उष्णतेनं रंग बदलणारी खूण, असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की लस बाद. गोठण्याबद्दल मात्र व्हीव्हीएम काहीच बोलत नाही. रात्री गोठून सकाळी पुन्हा पातळ झालेल्या व्हायलवरचा व्हीव्हीएम अगदी फिकट असतो, लेबल कोरं करकरीत असतं, एक्सपायरी पुढच्या वर्षीची असते. वरून बघून ती ओळखता येत नाही. म्हणून शेक टेस्ट शिकून घ्यायची: व्हायल हलवायची आणि आतले कण किती वेगानं खाली बसतात ते बघायचं. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. एक व्हायल मुद्दाम बळी द्यावी लागते आणि एक रात्र थांबावं लागतं.

आत नेमकं काय बिघडतं

डीपीटी, टीडी, हिपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलंट, पीसीव्ही या लसींमधले मुख्य घटक अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या अतिबारीक कणांना चिकटवलेले असतात. चांगल्या स्थितीत हे कण द्रवात सैलसर जाळीसारखे पसरलेले असतात, म्हणून हलवल्यावर लस एकसारखी पांढुरकी दिसते आणि बराच वेळ तशीच राहते. गोठताना पाण्याचे स्फटिक होतात आणि ते या कणांना एकमेकांवर रेटतात. जाळी मोडते, कणांचे जड गठ्ठे होतात. वितळल्यावर पाणी परत पाणी होतं, पण गठ्ठे सुटत नाहीत. फाटलेलं दूध पुन्हा थंड केलं म्हणून जुळून येत नाही, तसंच. अशा लसीची ताकद घटते आणि टोचल्या जागी गाठ येण्याचा किंवा पू न होता गळूसारखी सूज येण्याचा त्रास वाढू शकतो.

आपल्याला उपयोगी पडते ती गठ्ठ्यांची एक खोड: ते जड असल्यामुळे लवकर खाली बसतात. सगळी शेक टेस्ट या एका गोष्टीवर उभी आहे.

सगळ्यात हळवी हिपॅटायटिस बी. ती उणे अर्ध्या अंशाच्या आसपासही गोठू शकते. इतर लसी त्याहून खाली, उणे पाचच्या जवळपास गोठतात. पण द्रव शून्याखाली जाऊनही काही वेळ न गोठता राहू शकतो. त्यामुळे थर्मामीटरवर उणे एक दिसलं म्हणजे लस गोठलीच असं नाही आणि सकाळी अधिक चार दिसलं म्हणजे रात्री वाचलीच असंही नाही. केवळ तापमानावरून निकाल देता येत नाही तो यामुळे. चांगला साठा भीतीपोटी फेकला जाऊ नये यासाठीही ही टेस्ट तितकीच कामाची आहे.

कोणत्या लसीला चालते, कोणत्या लसीला नाही

इथं गफलत फार होते, म्हणून जरा थांबून वाचा. अ‍ॅल्युमिनियम असलेल्या द्रव लसींनाच शेक टेस्ट लागू आहे. सरकारी लसीकरण सत्रातल्या म्हणाल तर वर सांगितलेल्या पाच. हेक्साव्हॅलंट आणि एचपीव्हीही याच गटात येतात. शंका असेल तर खोक्यातलं माहितीपत्रक उघडा. घटकांमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट लिहिलेलं असेल किंवा नावापुढे 'ॲडसॉर्ब्ड' असेल, तर टेस्ट चालते.

आयपीव्ही, म्हणजे पोलिओची इंजेक्शनची लस, हा सगळ्यात मोठा सापळा. ती गोठली की बिघडते, पण तिच्यात अ‍ॅल्युमिनियम नाही, ती पाण्यासारखी नितळ असते. हलवून काही खाली बसणार नाही आणि तुम्हाला वाटेल की पास झाली. आयपीव्ही गोठल्याचा सबळ संशय असेल तर टेस्टच्या नादी न लागता ती बाजूला काढायची आणि मेडिकल ऑफिसरांना कळवायचं. फ्लूच्या लसीचंही तसंच.

बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) या पावडर स्वरूपातल्या लसी आणि तोंडावाटे द्यायचा पोलिओ डोस यांना गोठण्यानं इजा होत नाही. त्यांची काळजी उष्णतेची. मात्र पावडरीसोबतच्या डायल्युएंटचं (पावडर विरघळवायच्या द्रवाचं) अँप्युल गोठलं तर काच तडकते, ते गोठवायचं नाही. रोटाव्हायरसच्या लसीचा नियम कंपनीप्रमाणे बदलतो. एक प्रकार वरच्या स्तरावरच्या लस भांडारात गोठवूनच साठवतात, दुसरा गोठवलेला चालत नाही. त्यामुळे तिथं पत्रक वाचल्याशिवाय बोलू नये. शेक टेस्ट मात्र यांतल्या एकालाही लागू नाही.

संशय कधी घ्यायचा

रोज उठून शेक टेस्ट करायची नसते. कारण हवं. आयएलआरमधल्या लॉगरनं (तापमान नोंदवणाऱ्या यंत्रानं) शून्याखालचा इशारा दिला, ई-विनचा (लस साठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीचा) मेसेज मोबाइलवर आला, फ्रीझ-टॅगवर (गोठण्याचा इशारा देणाऱ्या छोट्या उपकरणावर) बरोबरच्या खुणेऐवजी फुली दिसली, सकाळच्या नोंदीत थर्मामीटर शून्याखाली दिसला, ही उघड कारणं. फ्रीझ-टॅग एकदा फुलीवर गेला की परत येत नाही, त्यामुळे 'आत्ता तापमान ठीक आहे' म्हणून तो दुर्लक्षू नका.

न दिसणारी कारणं जास्त असतात. लाइट गेली आणि परत आल्यावर कुणीतरी 'लवकर गार होऊ दे' म्हणून थर्मोस्टॅट जोरात फिरवला. असं कधीच करायचं नसतं, कारण यंत्र आपल्या गतीनं खाली येत येत थेट गोठण्यापर्यंत पोचतं. आयएलआरमधली बास्केट धुवायला काढली आणि पेंटाचे खोके तळाशी राहिले. कॅरियर उघडला तर व्हायल आइसपॅकला चिकटलेल्या निघाल्या.

शिरोळ तालुक्यातल्या गावांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यानं वेढलं होतं. अशा वेळी साठा घाईनं कोल्ड बॉक्समध्ये भरून हलवावा लागला, तर सगळ्यांचं लक्ष 'गरम होऊ नये' यावर असतं आणि आइसपॅक कंडिशन करायला, म्हणजे वापरण्याआधी थोडे वितळू द्यायला, कुणाला सवड नसते. पूर ओसरल्यावर त्या बॉक्समधल्या हिपॅटायटिस बी आणि पेंटावर आधी संशय घ्या.

आणि एक साधी बाब: व्हायल आत्ता तुमच्या हातात घट्ट गोठलेली असेल, तर टेस्ट नको. ती बाद. वितळवून बघू, असं म्हणायचंही नाही.

आदल्या दिवशी: नमुना गोठवणं

संशयित साठा आधी वेगळा करा. 'वापरू नका' असा कागद लावून तो २ ते ८ अंशांतच ठेवा. टेबलावर ठेवून दिलात तर गोठण्याच्या संशयात उष्णतेचं नुकसान वर पदरात पडेल. मेडिकल ऑफिसरांच्या कानावर घाला. दुसऱ्या दिवशी सत्र असेल तर शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून साठा मागवायला तेवढाच वेळ मिळतो.

आता त्याच साठ्यातून एक व्हायल निवडा. लस तीच, कंपनी तीच आणि बॅच नंबरही तोच. बॅचवर मी अडून बसतो, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेंटा मुळातच वेगवेगळ्या वेगानं खाली बसतात. एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक पडू शकतो. संशयित साठ्यात तीन बॅच असतील तर तीन नमुने गोठवावे लागतील. व्हायल न उघडलेली हवी. ओपन व्हायल पॉलिसीत (उघडलेली व्हायल पुढच्या सत्रासाठी जपण्याच्या नियमात) ठेवलेली अर्धी व्हायल घेतली तर द्रवाची उंचीच वेगळी, मग तुलना कशाची करणार?

तिच्यावर मार्करनं ठळक 'गोठवलेली' लिहा, आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी लिहा. नंतर काच ओली होते, शाई धरत नाही. पट्टी लावणार असाल तर द्रव दिसण्याची जागा मोकळी सोडा. हा नमुना चुकून सत्रात गेला तर मोठाच घोळ होईल, त्यामुळे स्टॉक रजिस्टरमध्येही एक व्हायल 'शेक टेस्टसाठी' अशी लगेच वजा करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डीप फ्रीझर आइसपॅकसाठी असतो. पेंटाची व्हायल त्यात मुद्दाम ठेवण्याचा हा एकमेव प्रसंग.

किमान दहा तास, म्हणजे रात्रभर, ती तिथं राहू द्या. सकाळी काढून उलटी करा. आतलं काही हललं नाही तर ती पूर्ण गोठली. कडेला थोडं पाणी खेळत असेल तर परत आत. अर्धवट गोठलेला नमुना म्हणजे खोटी मोजपट्टी. तो हळू बसेल आणि त्याच्या तुलनेत तुम्ही चांगल्या व्हायलही फेकून द्याल. काचेला तडा गेला असेल तर दुसरी व्हायल घेऊन पुन्हा एक रात्र थांबायचं.

मग वितळू द्या, खोलीतल्या हवेवर. गरम पाण्यात, उन्हात, तळहातांत चोळून किंवा खिशात ठेवून नाही. तासभर लागेल, जास्तही लागेल. बर्फाचा कणही उरला नाही याची खात्री झाल्यावरच पुढे.

टेस्ट

संशयित साठ्यातून तपासायची व्हायल निवडताना मनाला फसवू नका. वरच्या थरातली, सुरक्षित वाटणारी नको. तळाशी, भिंतीलगत किंवा आइसपॅकला टेकलेली जी सगळ्यात जास्त धोक्यात होती ती घ्या. साठा वेगवेगळ्या जागी असेल तर प्रत्येक जागेची एक. तिच्यावर 'तपासणी' लिहा.

दोन्ही व्हायल एकाच मुठीत धरा. एकाच मुठीत का, तर दोन्हींना सारखाच झटका बसावा म्हणून. दहा ते पंधरा सेकंद जोरात हलवा. हळुवार डोलवणं इथं चालत नाही, तळाला बसलेलं सगळं उठलं पाहिजे. लगेच दोन्ही शेजारी शेजारी सपाट टेबलावर ठेवा. त्या टेबलावर सेंट्रिफ्यूज नको, खाली जनरेटरची थरथर नको, आणि कुणी येऊन शिक्के मारायला बसू नये. पाठीमागून उजेड येईल असं बघा, खिडकी उत्तम.

आता बघत राहा. चहाला जाऊन अर्ध्या तासानं परत येणं म्हणजे टेस्ट नव्हे, कारण निकाल बसण्याच्या वेगात असतो, शेवटच्या चित्रात नाही. गोठवलेल्या नमुन्यात थोड्याच वेळात वरचा भाग पातळ होऊ लागतो, कण खाली सरकताना दिसतात, तळाशी दाट थर साचतो. तपासणीच्या व्हायलमध्ये त्याच वेळी काय चाललंय ते टिपा. जास्तीत जास्त तीस मिनिटं.

लेबल इतकं रुंद असेल की आतलं दिसतच नाही, तर हलवून झाल्यावर दोन्ही उलट्या धरा आणि मानेच्या भागात कोणाचा थर आधी जमतो ते बघा.

निकाल

तपासणीची व्हायल नमुन्याइतक्याच वेगानं किंवा त्याहून लवकर बसली तर ती गोठलेली होती. त्या जागेवरचा तो साठा वापरायचा नाही. ती स्पष्टपणे हळू बसली, नमुना नितळ होत असताना ती अजून दुधाळ आहे, तर गोठण्यानं इजा झालेली नाही. व्हीव्हीएम आणि एक्सपायरी ठीक असेल तर वापरा.

दोन्हींत फरक कळेना, असंही होतं. मग पुन्हा हलवा आणि या वेळी आणखी एका सिस्टरना बघायला बोलवा. कोणती व्हायल कोणती हे त्यांना आधी सांगू नका. तरीही एकमत होत नसेल तर साठा बाद धरा.

ही सगळी पद्धत गावठी वाटते, आणि प्रशिक्षणात कुणीतरी हमखास विचारतं की नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा का. जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये २०१० साली याची पडताळणी आली होती: दहा कंपन्यांच्या आठ प्रकारच्या लसींच्या ४७५ व्हायल, आणि सोबत सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी. नीट केलेल्या शेक टेस्टनं गोठलेल्या आणि न गोठलेल्या व्हायल शंभर टक्के बरोबर ओळखल्या. वजन 'नीट केलेल्या' या शब्दांवर आहे.

प्रत्यक्षात सर्रास दिसतं ते हे: एकच व्हायल घ्यायची, उजेडात धरायची, तळाशी पांढरा थर दिसला की 'गोठली' म्हणायचं, नाही दिसला की 'चांगली'. नमुन्याशिवाय हे निव्वळ अंदाज. चांगली पेंटाही रात्रभर उभी राहिली की तळाला बसते. ते तिचं स्वाभाविक वागणं आहे.

नंतरची कामं

बाद ठरलेला साठा कचऱ्यात टाकायचा नाही. मेडिकल ऑफिसरांची लेखी मंजुरी घ्या, लसीचं नाव, कंपनी, बॅच, संख्या, संशयाचं कारण आणि टेस्टची तारीख नोंदवा, ई-विनवर तो साठा कमी करा. विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे. त्याच कॅरियरमधून काही बाळांना आधीच डोस गेले असतील तर ते झाकू नका. कोणत्या सत्रात, कोणत्या बॅचचे, याची यादी वर पाठवा. पुन्हा डोस द्यायचा की नाही ते तालुका आणि जिल्हा स्तरावर ठरेल. ऊसतोड मजुरांच्या वस्तीवरचं सत्र असेल तर ही यादी तातडीची आहे, कारण गळीत हंगाम संपला की ती कुटुंबं आपल्या गावी परततात आणि मग बाळ शोधणं अवघड.

आणि गोठण्याचं कारण शोधा, नाहीतर पुढच्या महिन्यात हेच. नव्वद टक्के वेळा, असं मी आकडा म्हणून नव्हे तर बोलण्याच्या ओघात म्हणतो, बोट आइसपॅककडे जातं. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक टेबलावर मोकळा पसरून ठेवायचा. आधी त्यावर पांढरं दंव धरतं, मग ते विरघळून थेंब सुटतात. कानाशी धरून हलवला की आत पाण्याचा खळखळ आवाज यायला हवा. आवाज आला की तो कंडिशन झाला, मगच चार आइसपॅक कॅरियरमध्ये. याला घड्याळ लावू नका. मे महिन्यात इचलकरंजीत लवकर होईल, जुलैच्या पावसात गगनबावड्याला बराच जास्त वेळ घेईल. सत्र नऊला असेल तर साडेआठला फ्रीझर उघडून भागत नाही. लस कागदात गुंडाळली की गोठत नाही हा समज काढून टाका. कागदानं काही अडत नाही.

आयएलआरमध्ये हिपॅटायटिस बी, पेंटा, डीपीटी, टीडी, पीसीव्ही, आयपीव्ही वरच्या बास्केटमध्ये. पोलिओ डोस, एमआर, बीसीजी खाली. बास्केट नसेल तर तळाशी रिकाम्या आइसपॅकचे दोन थर आडवे टाका. थर्मामीटर हिपॅटायटिस बीच्या शेजारी, कारण आधी गोठणार ती.

खासगी दवाखान्यांसाठी

राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या बालरोग दवाखान्यात एका बॅचचे पाच-सहाच डोस असतात, तेही भरलेल्या सिरिंजमध्ये आणि महागडे. नमुन्यासाठी त्यातला एक गोठवायला जीव धजत नाही, हे मी समजू शकतो. दोन-तीन डोसच असतील तर टेस्टचा खटाटोप न करता ते बाजूला काढून पुरवठादाराशी आणि कंपनीशी बोलणं बरं. साठा मोठा असेल तर मात्र एक डोस खर्ची घाला, बाकीचे वाचण्याची शक्यता आहे.

घरगुती फ्रीज वापरत असाल तर बर्फाच्या कप्प्याखालची जागा, मागची भिंत आणि दार या तिन्ही ठिकाणी लस ठेवू नका. मधल्या जाळीवर, मागच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. भाजीचा ट्रे काढून तिथं पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर तापमान लवकर हलत नाही. किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या. रोज सकाळी आधी 'किमान'चा आकडा लिहा, मग थर्मामीटर रीसेट करून नव्यानं मोजणी सुरू करा. रात्री दोन वाजता काय झालं ते तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही. आणि टेस्ट झाल्यावर 'गोठवलेली' लिहिलेली ती व्हायल पुन्हा फ्रीजमध्ये ठेवू नका. त्याच दिवशी बाद साठ्यासोबत नोंदवून ती काढून टाका.